शेजारच्या आंटींचे नाताळचे ताट यंदा आम्ही भरायचे ठरवले आहे; आठवड्याभरात काय काय जमेल?

तिसरा मजला
गुरुवार, १८ डिसेंबर, सकाळी ११.२०

नमस्कार. आम्ही बोरिवली पश्चिमेला आय. सी. कॉलनीत चौदा वर्षांपासून राहत आहोत. आमच्याच मजल्यावर समोरच्या घरात सत्तरी ओलांडलेल्या एक आंटी एकट्या राहतात. त्यांची दोन्ही मुले कॅनडात असतात. दिवाळीत आमच्याकडून फराळाचे ताट त्यांच्याकडे जाते आणि ते त्या लगेच परत करत नाहीत. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये हा रिवाज त्या आमच्याहून कसोशीने पाळतात, त्यामुळे आमचे स्टीलचे ताट दोन महिने त्यांच्या कपाटात राहते आणि २४ डिसेंबरच्या संध्याकाळी कलकल (मैद्याच्या तळलेल्या गोड वळकट्या), पेरूच्या लाल वड्या, साच्यातली दुधाची मिठाई आणि करंज्या घेऊन, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेले, आमच्या दारात येते.

यंदा नोव्हेंबरच्या अखेरीस त्या न्हाणीघरात घसरल्या आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघेल. परवा मी त्यांची औषधे द्यायला गेले तेव्हा त्या हसत हसत म्हणाल्या, "यंदा तुझं ताट रिकामंच यायचं गो." त्या हसल्या खऱ्या, पण मला काही ते ऐकवले नाही. त्या असे ताट नऊ घरांत पाठवतात. ती नऊही ताटे आपण करून द्यावीत असे मी त्यांना न विचारताच मनाशी ठरवून टाकले आहे आणि आता घाबरले आहे.

अडचणी सांगते. माझ्याकडे ओव्हन नाही. सासूबाई आमच्याकडे असतात आणि आमच्या स्वयंपाकघरात अंडे येत नाही, येणारही नाही. मला शनिवार-रविवार सोडले तर रोज संध्याकाळी साडेसातनंतरचाच वेळ मिळतो. शिवाय चौथीत असलेल्या लेकीने आंटींच्या दाराला चांदणी आणि त्यांच्या दिवाणखान्यात येशूजन्माचा गोठा करण्याचा विडा उचलला आहे. तिच्याजवळ साहित्य म्हणून दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे तेवढे आहेत. चकली-करंजी मला उत्तम येते, पण हे गोव्याकडचे पदार्थ मी आजवर फक्त खाल्ले आहेत. कोणते पदार्थ आधी करावेत, कोणते शेवटी, आणि अंड्याविना कोणते खरोखर जमतात, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

वसईची माहेरवाशीण
गुरुवार, १८ डिसेंबर, दुपारी २.०५

आपला बेत वाचून आनंद झाला. कढई चढवण्याआधी मात्र एक गोष्ट विचारून घ्या, ती म्हणजे आंटी नेमक्या कुठल्या. आपण "गोव्याकडचे" म्हटले आहे, पण त्या "गो" लावून मराठी बोलतात आणि बोरिवलीत राहतात, तेव्हा त्या ईस्ट इंडियन असण्याचा संभव मला अधिक वाटतो. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई, साष्टी आणि वसई भागातले मूळचे मराठी ख्रिस्ती. पूर्वेशी त्यांचा काही संबंध नाही. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्यांनी हे नाव घेतले, ते नोकऱ्यांसाठी मुंबईत आलेल्या गोव्याच्या आणि मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, इथलेच आहोत हे दाखवण्यासाठी.

ही चौकशी मी उगाच करायला सांगत नाही, कारण ताट त्याप्रमाणे बदलते. गोव्याच्या ताटात बिबिंका (नारळाच्या दुधाचा थरांचा केक), दोदोल (गूळ-नारळाची मऊ मिठाई), पेराद (पेरूच्या वड्या) आणि नेवऱ्या (करंज्या) येतात. मंगळूरच्या ताटाला कुस्वार म्हणतात आणि त्यात नेवऱ्यांबरोबर गुळियो नावाच्या छोट्या तळलेल्या गोळ्या आणि चकल्यासुद्धा असतात. आमच्याकडे दुधाची साच्यातली मिठाई, म्हणजे मिल्क क्रीम, रव्याचे थाळी स्वीट, मार्झिपान, कलकल आणि करंज्या असतात. पेरूच्या वड्या, ज्यांना इंग्रजी वळणाने पेरूचे चीज म्हणतात आणि ज्यात चीजचा कणही नसतो, त्या सगळ्यांच्याच ताटात सापडतात. एखाद्या गोराईच्या किंवा मरोळच्या आंटींच्या नावाने नऊ घरांत दोदोल गेला तर खाणारे खातील, पण फोन करून चौकशीही करतील.

आता क्रम. जो पदार्थ जास्त दिवस टिकतो तो आधी करावा आणि दुधाचा सगळ्यात शेवटी, एवढे धरून चालावे. पेरूच्या वड्या महिनाभर टिकतात, म्हणून त्या उद्याच करून मोकळ्या व्हा. पेरू पिवळसर, वासाचे, पण दाबले तर न खचणारे घ्यावेत, आणि किलोभर पेरूंत दोन अर्धेकच्चे मुद्दाम टाकावेत, कारण मिश्रण घट्ट धरणारे पेक्टिन कच्च्या फळात अधिक असते. फोडी थोड्या पाण्यात कुकरला दोन शिट्ट्या देऊन शिजवाव्यात, गरम असतानाच चाळणीतून घासून बिया काढाव्यात आणि जो गर निघेल तो तोलून त्याच्या पाऊणपट साखर घ्यावी. जाड बुडाच्या कढईत गर, साखर आणि दोन लिंबांचा रस एकत्र करून मंद आचेवर ढवळत राहावे. लिंबाला फाटा देऊ नये; पेक्टिन साखरेबरोबर आंबटपणा मिळाल्यावरच नीट धरते, नाहीतर तासभर ढवळूनही हाती जॅम येतो. हे मिश्रण ज्वालामुखीसारखे उडते, त्यामुळे हाताला पंचा गुंडाळून लांब दांड्याचे उलथनेच वापरा. कडा सुटू लागल्या की दोन चमचे लोणी घालायचे, ताटलीत थेंब टाकून गार झाल्यावर त्याची न चिकटणारी गोळी वळते का ते पाहायचे आणि तूप लावलेल्या ताटात थापायचे. नऊ घरांसाठी चार किलो पेरू लागतील, ते दोन घाण्यांत करा. एकदम केलेत तर मध्यरात्र उलटेल.

कलकल अंड्याशिवाय उत्तम होतात आणि आमच्या घरी तर नेहमी तसेच होतात. अर्धा किलो मैदा, शंभर ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, पन्नास ग्रॅम तुपाचे कडकडीत मोहन आणि भिजवायला नारळाचे जाड दूध. ते पावणेदोनशे मिलिलिटरच्या आसपास लागेल, पण साखर पाघळते म्हणून शेवटचा भाग बेताबेताने घाला. पुरीच्या पिठाहून किंचित सैल गोळा झाला पाहिजे. अर्ध्या तासाने बोराएवढी गोळी घेऊन काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि तशीच गुंडाळून काढायची, म्हणजे शिंपल्यासारखी रेघांची वळकटी होते. मध्यम आचेवर तळा. तेल फार तापलेले असेल तर बाहेरून बदामी रंग येतो आणि आत कणीक राहते, आणि असे कलकल चौथ्या दिवशी वास मारतात. शेवटी दोनतारी पाकात घोळवून तो पांढरा सुकेपर्यंत परतायचे.

सगळा वेळ या वळण्यात जातो. दोन माणसांना अर्ध्या किलोला दीड-दोन तास लागतात आणि आपल्याला निदान तीन घाणे करावे लागतील. आपल्या सासूबाईंना गव्हले-नखुले करता येत असतील तर हे काम डोळे मिटून त्यांच्या स्वाधीन करावे. ज्या अंगठ्याला नखुले वळायची सवय आहे त्याला कलकल शिकवावे लागत नाहीत.

करंज्यांबद्दल मी आपल्याला काही सांगण्याची गरज नाही, फक्त सारण सुक्या खोबऱ्याचे असू द्या. ओल्या नारळाच्या दोन दिवसांत उतरतात. मार्झिपानमध्ये परंपरेने बदाम आणि अंड्याचा पांढरा भाग असतो, पण मुंबईत कित्येक घरांत ते काजूचे करतात, आणि काजूकतली करणाऱ्या बाईला मार्झिपान आलेच. पाकात काजूची पूड शिजवून गोळी वळू लागली की गुलाबपाणी आणि दोन थेंब बदामाचा अर्क घालायचा, मळायचे आणि रबरी साच्यांत दाबायचे. मिल्क क्रीम मंगळवारी २३ तारखेला करा: एक लिटर म्हशीचे दूध निम्म्याहून कमी आटवून त्यात अडीचशे ग्रॅम साखर आणि दीडशे ग्रॅम काजूची पूड घालायची, गोळा होईपर्यंत हलवायचे आणि कोमट असतानाच साच्यांत भरायचे. गार झाल्यावर साच्यात घातले तर फुलापानांची नक्षी उठत नाही. थाळी स्वीटला मात्र अंडी लागतातच. ते यंदा सोडून द्या.

दादर पश्चिम
गुरुवार, १८ डिसेंबर, दुपारी ४.४०

वरच्या प्रतिसादातील पाककृती उत्तम आहेत, पण मला मूळ बेताविषयीच थोडी शंका आहे आणि ती मांडल्यावाचून राहवत नाही. चाळीस-पन्नास वर्षे ज्या बाईच्या हातची मिठाई नऊ घरे खात आली, तिच्या नावाने दुसऱ्याच कुणीतरी शिकाऊ हाताने केलेले पदार्थ त्या घरांत जाणार, आणि तेही तिला न विचारता. माझ्या आईचा हात मोडला होता त्या वर्षी शेजारणींनी प्रेमाने आमच्याकडे पुरणपोळ्या करून आणल्या. आईने त्यांचे तोंडभरून कौतुक केले आणि आठवडाभर ती कोणाशी नीट बोलली नाही. "माझ्या सणाला मीच पाहुणी झाले," असे ती नंतर म्हणाली.

आपण आपल्या हातचे, आपल्याला येते ते करावे. चिवडा, शंकरपाळी, बेसनाचे लाडू करून आंटींकडे द्यावेत, त्यांनी हवे तर ते पुढे वाटावेत. शिवाय सत्तरीच्या बाईंना मधुमेह असण्याची शक्यताही लक्षात घ्यावी. माझे मत कडू वाटल्यास क्षमस्व.

गिरगावकर
गुरुवार, १८ डिसेंबर, सायंकाळी ७.१५

स्वयंपाकातले मला फारसे कळत नाही. मी चांदणी आणि गोठ्यापुरते सांगतो, कारण आमच्या वाडीत दिवाळीचे कंदील करणारी मुलेच पुढे महिन्या-दोन महिन्यांनी खोताच्या वाडीतल्या मित्रांबरोबर चांदण्या बांधायला बसत असत, आणि मी त्यांपैकी एक आहे.

पाच टोकांच्या फुगीर चांदणीला बांबूच्या पंधरा काड्या लागतात. त्यांपैकी दहा सारख्या लांबीच्या, समजा दोन-दोन फुटांच्या. पाच काड्या एकमेकींवरून-खालून घेऊन, हात न उचलता वहीच्या कोपऱ्यात चांदणी काढतो तशी, एक सपाट चांदणी बांधायची. उरलेल्या पाचांची तशीच दुसरी. दोन्ही एकावर एक ठेवून फक्त पाच टोके दोऱ्याने आवळून बांधायची. मग आतल्या बाजूला, जिथे काड्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी, दोन्ही चांदण्यांच्या मध्ये पाच-पाच इंचांची एकेक आखूड काडी उभी करायची. पहिली काडी बसवली की सगळा सांगाडा कुरकुरतो आणि आता मोडणार असे वाटते. मोडत नाही. तिसरी काडी बसताच चांदणी फुगून घट्ट होते, आणि लहान मुलांना सगळ्या खटाटोपात हाच क्षण आवडतो. काड्या तासभर पाण्यात भिजवून घेतल्यास वाकायला नरम पडतात. बांबूच्या कामट्या आता बोरिवलीत मिळतीलच असे नाही. माहीमच्या कंदील गल्लीच्या आसपास विचारावे, नाहीतर उदबत्तीच्या घाऊक दुकानातल्या जाड काड्यांची एक फुटाची चांदणी करावी.

वरून पतंगी कागद लावायचा. खळ मैद्याची करा, पण त्यात मोरचूद घालू नका. आमचे वडील झुरळे लागू नयेत म्हणून घालायचे. ते विष आहे, आणि आपल्याकडे काम चौथीतल्या मुलीच्या हातून होणार आहे. मागच्या बाजूची एक पाकळी कागद न लावता उघडी ठेवून तिथून दिवा आत सोडायचा, आणि तो पाच-सात वॉटचा एलईडीच असावा. जुन्या पिवळ्या बल्बने आमच्या डोळ्यांदेखत एक चांदणी जळाली आहे.

गोठ्यासाठी आज रात्रीच दोन मुठी गहू भिजत घाला. गोठ्याभोवतीची हिरवळ म्हणजे आपले घटस्थापनेचे धान्यच आहे, फरक इतकाच की घटाला नऊ दिवस मिळतात आणि आपल्या हातात सहा आहेत. सकाळी गहू उपसून एखाद्या ट्रेमध्ये बोटभर मातीवर दाटीने पसरावेत, वरून ओले फडके घालावे, दोन दिवस अंधारात ठेवावेत आणि मग खिडकीत आणावेत. सतत अंधारात राहिले तर कोंब पिवळे निघतात. घटाला तो पिवळेपणा शोभतो, गोठ्यातल्या कुरणाला शोभत नाही. डोंगराला खाकी कागद चुरगळून, खळ लावून, त्यावर माती भुरभुरवली की झाले. पेंढा फळवाल्याच्या पेटीतला चालतो, तो फुकट मिळतो.

मावळ्यांचे म्हणाल तर हातातल्या ढाल-तलवारी काढता आल्या तर ते मेंढपाळ म्हणून खपतात. आमच्या वाडीतल्या गोठ्यात एक तोफ बरीच वर्षे होती.

वसईची माहेरवाशीण
गुरुवार, १८ डिसेंबर, रात्री ९.३०

गिरगावकरांनी गोठ्याचे छान सांगितले आहे. त्यात एकच भर घालते. बाळ येशूची मूर्ती आत्ता ठेवायची नाही. गव्हाणी २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी असते आणि चर्चमधल्या मिस्सा प्रार्थनेहून परत आल्यावर घरातले कोणीतरी, बहुधा सगळ्यात लहान मूल, बाळाला तिथे निजवते. बाळाच्या दर्शनाला येणाऱ्या तीन राजांचेही तसेच. ते ६ जानेवारीच्या सणाला पोहोचतात, म्हणून आमच्याकडे त्यांना आधी लांब, खिडकीच्या कट्ट्यावर उभे करत आणि आम्ही मुले त्यांना रोज वीतभर पुढे सरकवत असू. गोठ्याची ही चाल संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी सुरू केली असे मानतात, आणि त्या पहिल्या गोठ्यात खरा बैल आणि खरे गाढव होते. आपण मावळ्यांवर भागवावे.

दादरच्या सदस्यांनी जे लिहिले आहे त्यातले अर्धे मला पटते. न विचारता करू नये हे अगदी खरे, आणि ते मीच पहिल्या प्रतिसादात अधिक ठासून सांगायला हवे होते. पण लाडू-चिवडा पाठवून आंटींच्या मनातली रुखरुख जाणार नाही, कारण दिवाळीत तो त्यांच्याकडे येऊन गेलाच आहे आणि आपल्या ताटाची परतफेड त्यांच्याकडे राहिली आहे. फराळावर पुन्हा फराळ पाठवला तर त्यांच्यावरचे ओझे दुप्पट होईल. उद्या सकाळी त्यांच्याकडे जाऊन सरळ म्हणावे, "आंटी, तुम्ही सांगा आणि मी करते." प्रमाण त्यांचे, चव त्यांची, हात आपले. शक्य असेल तर करावेही त्यांच्याच स्वयंपाकघरात. तसे झाले तर अंड्याचा प्रश्न मिटतो, आणि पाक झाला की नाही हे त्या स्टुलावर बसून वासावरून सांगतील.

माझगावकर
शुक्रवार, १९ डिसेंबर, सकाळी ८.५०

ओव्हनबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. पूर्वी दिवाळीच्या आधी बायका नानकटाईचे ट्रे घेऊन नाक्यावरच्या बेकरीत रांग लावत, आणि नाताळच्या आधी त्याच भट्टीत केकची भांडी जात. झाकणावर खडूने घराचा नंबर लिहिलेला असायचा, तरी अदलाबदल व्हायचीच. एका वर्षी आमच्या घरी आमच्या केकपेक्षा फार चांगला केक आला आणि आम्ही तो परत केला नाही, हे इतक्या वर्षांनी इथे कबूल करतो. आता किती बेकऱ्या भाजून देतात ते विचारूनच पाहावे लागेल, कारण २०२५च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितल्यापासून या धंद्यात बरीच उलथापालथ चालू आहे.

केक करायचाच असेल तर कुकरची शिट्टी आणि रबरी कडे काढून, तळाशी वाटीभर मीठ पसरून, त्यावर जाळी आणि जाळीवर भांडे ठेवून मंद आचेवर पाऊण ते एक तास ठेवावा. मनुका-टूटीफ्रूटी रममध्ये भिजवायला आता उशीर झाला आहे. गरम संत्र्याच्या रसात रात्रभर ठेवल्यास सुका मेवा तितकाच फुगतो, आणि नऊ घरांतल्या मुलांनाही देता येतो.

तिसरा मजला
रविवार, २१ डिसेंबर, रात्री ११.१०

सर्वांचे आभार. लिहायला उशीर झाला, कारण गेल्या दोन दिवसांत मी घरी जवळपास नव्हतेच. समोरच्या दारात होते.

शुक्रवारी कामावर जाण्याआधी आंटींकडे गेले आणि वसईच्या ताईंनी सांगितले तेच वाक्य म्हटले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग आतून एक मळलेली वही आणि कान तुटलेला चिनी मातीचा कप घेऊन आल्या, आणि म्हणाल्या की वहीतली सगळी मापे या कपाची आहेत, दुसरा कप घेतलास तर वही निरुपयोगी आहे. त्यांचे माहेर गोराईचे. ईस्ट इंडियनच निघाल्या. चौदा वर्षे मी त्यांना गोव्याच्या समजत होते हे त्यांना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. गोवा दिसायला बरा, म्हणून बोलले नाय."

सगळे त्यांच्याच स्वयंपाकघरात केले. पेरूच्या वड्यांचा पहिला घाणा मी पंधरा मिनिटे आधी उतरवणार होते. आंटी बाहेरच्या खोलीतून ओरडल्या की अजून कच्च्या पेरूचा वास येतो आहे, आणि खरोखरच ताटलीतली गोळी चिकटत होती. दादरच्या सदस्यांना सांगायचे तर आंटींना मधुमेह आहे. त्या स्वतः यातले काहीच खात नाहीत, वर्षानुवर्षे वासावरच करत आल्या आहेत. पुरणपोळ्यांची आपली आठवण मी त्यांना सांगितली, तेव्हा त्यांनी आपल्या आईंना नमस्कार कळवायला सांगितला आहे.

काल दुपारी सासूबाई "जरा बघून येते" म्हणून आल्या. अंड्याचे भांडे दिसले तर परत जाईन असे बजावूनच आल्या होत्या, म्हणून आंटींनी अंडी सकाळीच फ्रिजच्या मागच्या खणात लपवली होती. कलकलचा गोळा पाहून सासूबाईंनी काटा बाजूला सारला आणि नुसत्या नखाने वळायला सुरुवात केली. आंटींनी त्यांना थांबवले आणि कपाटातून एक नवाकोरा कंगवा काढला, जो त्या फक्त याच कामासाठी ठेवतात. रेघा बारीक आणि जवळजवळ हव्यात, असे त्यांचे म्हणणे. नखाचे की कंगव्याचे यावर दोघींचा अर्धा तास वाद झाला, आणि शेवटी दोन निरनिराळ्या डब्यांत दोन प्रकारचे कलकल भरले गेले. कंगव्याचे नऊ घरांत जातील. नखाचे आमच्या ताटात येतील, असे आंटींनी जाहीर केले आहे.

करंज्या उद्या संध्याकाळी, मिल्क क्रीम परवा. मार्झिपान आंटींनी रद्द केले, कारण काजूचे त्यांना चालत नाही आणि एवढे बदाम एका हाताने सोलून होणार नाहीत. मी सोलते म्हटले तर "पुढच्या वर्षी" म्हणाल्या. केकही करत नाही; त्यांच्या भाचीकडून येणार आहे.

चांदणी तयार झाली, एक टोक थोडे बुटके आहे. तिसऱ्या काडीला ती खरोखर फुगली आणि लेकीने किंकाळी मारली. आता एकच शंका उरली आहे, ती गिरगावकरांसाठी. गहू आमच्या पूर्वेच्या खिडकीत फारच जोमाने वाढला आहे. आत्ताच चार बोटे उंच आहे आणि २४ तारखेपर्यंत मावळे त्यात पूर्ण बुडतील असे दिसते. तो कापला तर चालतो का?

गिरगावकर
सोमवार, २२ डिसेंबर, सकाळी ७.४०

चालतो. बुधवारी दुपारी कात्रीने वरून दोन बोटे कापावा, मुळाशी हात लावू नये आणि कापल्यानंतर पाणी फक्त शिंपडावे. गव्हाणीच्या बाजूचा तेवढा आखूड ठेवा आणि मागचा तसाच वाढू द्या, म्हणजे एखाददुसरा मावळा गवतातून वाट काढत येतो आहे असे दिसेल.